वर्धा ते चिखलदरा : चाकांवरचं घर आणि चाकांतली हवा

डिसेंबरात वऱ्हाडातले रस्ते टायरची परीक्षा घेतात. कापसाच्या ट्रॉल्यांनी डांबराच्या कडा तुटलेल्या असतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे रस्त्याचा पायाच हललेला असतो. गाव जवळ आलं की कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीचे काटे सांडलेले दिसतात. तरीही फिरायला हाच महिना बरा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेल्यावर भरलेली जड गाडी घेऊन या भागात निघणं म्हणजे टायरवर अन्याय.

आमच्या गाड्या दोन होत्या. आमची मोटरहोम मिनीबसच्या चासीवर बांधलेली आहे, पुढे दोन चाकं आणि मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं. धाकट्या दिरांची ट्रेलर कॅराव्हॅन दोन चाकांची, जीपच्या मागे ओढायची. महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे, आणि आता अशा गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. पण घेणारे लोक फ्रिज केवढा आणि पलंग कसा उघडतो हे जितकं विचारतात, तितकं टायरबद्दल विचारत नाहीत. म्हणून या प्रवासात टायर प्रेशर मॉनिटरचे, म्हणजे प्रत्येक चाकावरच्या सेन्सरकडून हवेचा दाब घेऊन पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचे, आकडे वहीत उतरवून ठेवले. हे वर्णन त्या वहीवरूनच लिहिलं आहे.

साध्या कारमध्ये हवा जाऊन चाक बसलं की स्टिअरिंग ओढतं, बूड हलतं, ड्रायव्हरला कळतं. जोडचाकांत तसं होत नाही. एकातली हवा गेली तर शेजारचं चाक दोघांचं वजन उचलतं, गाडी सरळ चालत राहते, आणि तो एकटा टायर तापत जातो. ट्रेलरचं तर चाक जीपच्या ड्रायव्हरपासून इतकं लांब असतं की टायरच्या चिंध्या होईपर्यंत पत्ता लागत नाही. जे चाक बसल्याचं ड्रायव्हरला जाणवणार नाही त्याच्यासाठी मॉनिटर घ्यायचा, आणि निवडतानाही त्याच चाकाचा विचार आधी करायचा, असं माझं ठाम मत आहे.

शनिवार : वर्धा – आर्वी – कौंडण्यपूर

निघण्याआधी एक काम होतं, वजन. जिनिंगच्या वजनकाट्यावर सकाळी सातलाच कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली होती. आमची पाळी आली तेव्हा काटेवाले काका खिडकीतून वाकून म्हणाले, "ताई, कापूस कुठी हाये? हे तं घरच आणलं तुम्ही काट्यावर."

पाण्याची टाकी भरलेली, गॅस सिलिंडर जागेवर, किराणा भरलेला, सासूबाईंसकट सगळे आत बसलेले. वजन असंच करायचं, रिकाम्या गाडीचं करून उपयोग नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली : १६४० किलो. मग पूर्ण गाडी : ४६०० किलो. म्हणजे मागच्या आसावर २९६०. पुढच्या प्रत्येक टायरवर ८२० किलो आणि मागच्या चारांपैकी प्रत्येकावर साधारण ७४०. दिरांच्या ट्रेलरच्या दोन चाकांवर मिळून ७८० किलो भरले.

टायरच्या कडेवर छापलेला दाब हा त्याच्या कमाल वजनासाठीचा असतो. आपल्या वजनाला किती हवा लागते हे कंपनीच्या भार-दाब तक्त्यात पाहावं लागतं, आणि त्यात जोडचाकांसाठी वेगळा रकाना असतो. आमच्या टायरच्या तक्त्याप्रमाणे पुढे साधारण ५४ आणि मागे ५१ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागत होते. त्यावर तीन-चार पीएसआय शिल्लक धरून आम्ही पुढे ५८ आणि मागे ५४ ठेवले. ट्रेलरला ४५.

मॉनिटरचं दुकानात बोलणं सुरू होतं ते रंगीत पडद्यापासून आणि संपतं ते किमतीवर. पण हा थंड दाबाचा, म्हणजे निघण्याआधी टायर थंड असतानाचा, आकडा हातात नसेल तर मॉनिटरला इशाऱ्याची हद्द काय द्यायची? अनेक संच मुळात कारसाठी बनवलेले असतात, त्यांची हद्द कारच्याच दाबापुरती. आमच्या टायरला गरम झाल्यावर सत्तरच्या जवळ जायचं असतं. म्हणून पहिली अट ही की संचानं शंभरच्या वरचा दाब वाचला पाहिजे, आणि दुसरी ही की पुढच्या व मागच्या आसाला वेगवेगळ्या हद्दी देता आल्या पाहिजेत. या दोन अटींतच निम्मे संच बाद होतात.

कमी दाबाचा इशारा आम्ही पुढे ५१ आणि मागे ४७ वर लावला. अमेरिकेतल्या नियमात ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाला की इशारा द्यायचा असतो. कारला ते चालत असेल, पण भरलेल्या मोटरहोमला ५४ चे साडेचाळीस होईपर्यंत थांबणं फार उशिराचं आहे. जास्त दाबाची हद्द थंड आकड्याच्या २५ टक्के वर, म्हणजे मागे ६७ आणि पुढे ७२.

दुपारी आर्वीवरून नदी ओलांडून कौंडण्यपूरला आलो. रुक्मिणीचं माहेर म्हणून हे गाव ओळखलं जातं. वर्धा नदीच्या काठावर उंचावर मंदिर, खाली वाळूत पोरं खेळत होती. एका शेतकऱ्याच्या परवानगीनं त्यांच्या मळ्याच्या कडेला गाड्या लावल्या. रात्री त्यांच्या घरून ज्वारीची भाकर आणि कढीगोळे आले. पैसे घ्या म्हटलं तर काकू म्हणाल्या, "काही नको बाप्पा, पाहुणे हा तुम्ही."

रविवार : धामणगाव – समृद्धी महामार्ग – मेहकर – लोणार

धामणगावला समृद्धीवर चढलो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला, तेव्हापासून या रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा विदर्भात घरोघर होते. खड्डा नाही, वळण नाही, थांबायला कारण नाही. त्यामुळे टायर तासन्‌तास एकाच वेगानं फिरत राहतो. ज्या टायरमध्ये आधीच हवा कमी असते त्याची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. वाकण्यातून उष्णता तयार होते आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. लोक म्हणतात हवा जास्त झाली म्हणून फुटला. बहुतेक वेळा उलट असतं, हवा कमी होती म्हणून तो तापला.

आम्ही ८० च्या वर गेलो नाही. सकाळी बाहेर २५ अंश असताना मागचे आकडे ५४ होते. कारंजा मागे टाकेपर्यंत ते ६१ वर गेले आणि तिथंच स्थिरावले. पुढचे ५८ चे ६५ झाले. हे अगदी अपेक्षेप्रमाणे होतं. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो, आणि २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापली तर साधारण एवढाच वाढतो. पण पडद्यावर तापमान मात्र ४१ दिसत होतं! आमचे सेन्सर व्हॉल्व्हच्या टोकावर, टोपीच्या जागी बसतात. त्यांना बाहेरचा वारा लागतो, म्हणून ते आतल्या हवेचं खरं तापमान सांगू शकत नाहीत. रिमच्या आत बसणारे सेन्सर ते बरंच अचूक सांगतात. तेव्हा टोपीचे सेन्सर वापरणाऱ्यांनी तापमानाच्या आकड्यावर विसंबू नये, दाब किती चढला ते पाहावं. एकाच आसावरच्या चाकांचे आकडे बरोबरीनं चढत असतील तर ठीक. एक पुढे पळत असेल तर ब्रेक चिकटलाय का, वजन एका बाजूला गेलंय का, हे थांबून बघावं.

गरम टायरमधली हवा काढायची नाही. हे इथे आवर्जून लिहिते, कारण दुपारच्या थांब्यावर एक सद्गृहस्थ आमचा पडदा पाहून कळवळून म्हणाले होते, "पासष्ट झाली ताई, थोडी सोडून द्या." सोडली असती तर संध्याकाळी टायर थंड झाल्यावर तीच हवा कमी पडली असती.

दिरांची अडचण त्याच थांब्यावर पुढे आली. त्यांच्या ट्रेलरला ब्लूटूथचे सेन्सर होते, आकडे फोनवर दिसायचे. "वहिनी, गाडी चालू असली की फोनवर काहीच येऊन नाही राहिलं," ते म्हणाले. येणारही नव्हतं. फोन जीपच्या डॅशबोर्डवर, सेन्सर कित्येक फूट मागे, मध्ये जीपची मागची बाजू आणि ट्रेलरची पत्र्याची भिंत. ते ट्रेलरजवळ गेले की फोनला आकडे मिळायचे आणि लगेच बोंब सुरू व्हायची : दाब जास्त! त्या ॲपमध्ये वरची हद्द ५० च्या पुढे नेताच येत नव्हती, आणि ट्रेलरचे ४५ गरम होऊन ५१ झाले होते. म्हणजे चालताना यंत्र गप्प, थांबल्यावर खोटा इशारा. मोटारसायकलला किंवा छोट्या कारला तो संच उत्तम चालेल. ओढायच्या कॅराव्हॅनसाठी ४३३ मेगाहर्ट्‌झवर चालणारा संच घ्यावा आणि त्याच्याबरोबर रिपीटर घ्यावा. रिपीटर म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागात बसवायची छोटी डबी, बारा व्होल्टवर चालणारी, मागच्या सेन्सरचा संदेश पकडून पुढे पाठवणारी. आमच्या मोटरहोमलाही आम्ही ती मागच्या आसाजवळ लावली आहे. लांबी फार नाही, पण आतलं चाक दोन रिमच्या आडोशाला असतं आणि तिथून संदेश निघायला कष्ट पडतात.

मेहकरला उतरून संध्याकाळी लोणार गाठलं.

सोमवार : लोणार

उल्कापातानं बेसॉल्ट खडकात झालेलं हे विवर, साधारण १.८ किलोमीटर रुंद. २०२० मध्ये याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. सकाळी काठावर उभं राहिलं की खालचं हिरवट खारं पाणी आणि भोवतीचं रान धुक्यातून हळूहळू वर येतं. गोमुखाच्या धारेचं पाणी मात्र गोड, तिथं सासूबाईंनी हातपाय धुतले. दैत्यसूदन मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं पाहायला निवांत तास ठेवावा. सगळे लोक सरोवर पाहून निघून जातात आणि हे मंदिर राहून जातं, याचं मला वाईट वाटतं.

गाडीचं सांगायचं तर पहाटे बाहेर १० अंश होते. पडद्यावर आदल्या संध्याकाळचेच आकडे, कारण चाकं फिरली नाहीत की सेन्सर बॅटरी वाचवायला झोपतात. थोडी गाडी हलवल्यावर मागचे आकडे ५० आणि ५१ आले, पुढचे ५४. हवा कुठून गेली असं वाटून माझे यजमान पंप काढायला निघाले होते. गेली कुठेच नव्हती, थंडीनं आखडली होती. २५ अंशांवर भरलेले ५४ दहा अंशांवर साडेपन्नास होतात. इशाऱ्याची हद्द ४७ ठेवल्यामुळे पहाटे यंत्र ओरडलं नाही, आणि तक्त्याच्या आकड्यावर शिल्लक ठेवल्यामुळे टायरही अडचणीत आला नाही. मुक्काम अशाच थंडीत लांबणार असता तर दोन-तीन पीएसआय नक्की भरले असते. दुपारपर्यंत २८ अंश होणार होते, म्हणून पंप परत ठेवला.

मंगळवार : लोणार – खामगाव – शेगाव – अकोटच्या वाटेवर

शेगावला गजानन महाराजांचं दर्शन घेतलं. तिथली शिस्त आणि स्वच्छता पाहून दर वेळी मन भरून येतं. बाहेर पडताना कचोऱ्या बांधून घेतल्या आणि तेल्हाऱ्याच्या रस्त्याला लागलो.

इथून पुढे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरींचं पाणी खारं, माणसांना प्यायला पाणी लांबून आणावं लागतं. दोन्ही बाजूंना तूर पिवळी झालेली, हरभरा वीतभर वर आलेला, आणि रस्ता म्हणजे डांबराच्या लाटा. वेग ३० च्या वर जात नव्हता.

यजमान चालवत होते, मी आकडे बघत होते. मागच्या डाव्या जोडीत बाहेरचं चाक ५८ दाखवत होतं आणि आतलं ५६. थोड्या वेळानं ५८ आणि ५४. मग ५८ आणि ५२. यंत्र अजून गप्पच होतं, कारण ४७ ची हद्द आली नव्हती, आणि एकदम हवा जाण्याचा जो वेगळा इशारा असतो तो मिनिटाला दोन-तीन पीएसआय घसरले तरच वाजतो. ही गळती त्याहून सावकाश होती. पण एकाच बाजूला, एकाच वजनाखाली, एकाच उन्हात चालणारी दोन चाकं अशी वेगवेगळी का वागतील? जोडचाकं असणाऱ्यांनी पडद्यावर नेहमी जोडीचा जोडीशी ताळा करावा. म्हणूनच मला सगळ्या चाकांचे आकडे एकाच वेळी दाखवणारा पडदा हवा होता. एकेक चाक आळीपाळीनं दाखवणारे पडदे मिळतात, त्यांत हा फरक नजरेत भरला नसता.

अकोटच्या अलीकडे फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार दादांनी टॉमी (लोखंडी दांडा) घेतली आणि दोन्ही टायरवर एकेक ठोका मारला. ट्रकवाले वर्षानुवर्षं हेच करतात. "हवा हाये ना बाप्पा याच्यात," ते म्हणाले, "दोन्हीचा आवाज सारखाच हाये." पूर्ण बसलेलं चाक टॉमीच्या ठोक्यावर भद्द वाजतं आणि अनुभवी कानाला ते लगेच कळतं. ५८ आणि ४९ मधला फरक मात्र ठोक्याला सांगता येत नाही. मी पडदा दाखवला. त्यांनी पाहिला, स्वतःचं गेज आतल्या व्हॉल्व्हला लावलं, आणि मग काही न बोलता जॅक सरकवला.

बाहेरचं चाक काढलं, मग आतलं. पाण्याच्या हौदात फिरवल्यावर बुडबुडे दिसले. आम्हाला वाटलं होतं बाभळीचा काटा, निघाला बैलाच्या नालेचा खिळा, नक्षीच्या खाचेत तिरका रुतलेला. बाहेरून भोकात रबरी स्ट्रिप घालून दहा मिनिटांत काम झालं असतं, पण चाक उतरवलेलंच होतं म्हणून टायर रिमवरून सोडवून आतून मशरूम पॅच (भोकात देठ जाणारं छत्रीच्या आकाराचं ठिगळ) लावायला सांगितलं. जोडीतल्या आतल्या चाकाला बाहेरून घातलेली स्ट्रिप पुढे तपासायला कोण वाकणार?

रिमच्या आतला सेन्सर अचूक असतो, चोरीला जात नाही, त्याची बॅटरी पाच-सात वर्षं टिकते, हे सगळं खरं. पण खेड्यातल्या दुकानात टायर पहारीनं सोडवतात. आत सेन्सर आहे हे सांगायचं राहिलं तर पहारीच्या एका दणक्यात तो जातो, आणि अकोट-तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर तो बदलून मिळणार नाही. टोपीचा सेन्सर हातानं काढला, खिशात ठेवला, काम झाल्यावर परत लावला. बॅटरी सीआर १६३२ नावाच्या बटनसेलची, तालुक्याच्या गावी घड्याळजीकडे मिळते. रोज गावोगाव फिरणाऱ्याला इथे टोपीचाच सेन्सर सोयीचा. काही टोपी-सेन्सरना बाजूनं वेगळं तोंड असतं, ते न काढता हवा भरता येते. सोय चांगली, पण ते लांब आणि जड असतात. चोरी होऊ नये म्हणून खास पान्यानं कसायची नटवाली टोपीही मिळते. तो पाना अंधारात शोधायची वेळ आली की त्या सोयीची किंमत कळते, मी ती घेतली नाही.

सेन्सर परत बसवल्यावर साबणाचं पाणी लावून पाहिलं. ही पायरी कधीही टाळू नका. टोपीचा सेन्सर व्हॉल्व्हची पिन दाबून धरतो, म्हणजे त्याच्या आतली रबरी चकती खराब असेल तर सेन्सरच हवा सोडतो.

चहा घेताना दिरांनी विषय काढला की मॉनिटर असेल तर स्टेपनी नको, असं त्यांना विकणाऱ्यानं सांगितलं होतं. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली खरी. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि दाब दाखवणारी यंत्रणा असली तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. आमची गाडी त्या वजनात बसत नाही, आणि बसली असती तरी या रस्त्यावर मी स्टेपनीशिवाय निघाले नसते. फाटलेली कड कोणताही संच शिवून देत नाही. आम्ही तर स्टेपनीलाही सेन्सर लावला आहे. वर्षभर कोणी न पाहिलेली स्टेपनी गरजेच्या दिवशी मऊ निघते.

दादांनी पैसे सांगितले ते इतके कमी होते की यजमानांनी आग्रहानं जास्त दिले. निघताना दादा सेन्सर बोटांत फिरवून पाहत होते. "ट्रकले लावता येते का हे?" त्यांनी विचारलं. येतं. वाचायची हद्द मोठी असलेले संच घेतले तर ट्रकच्या चाकांनाही लावता येतात.

बुधवार : अकोट – अंजनगाव सुर्जी – परतवाडा – चिखलदरा

सकाळी हवा बघताना दिरांच्या ट्रेलरचा एक सेन्सर निघेना. व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा, सेन्सरच्या आतले आटे पितळेचे. दोन वेगळे धातू एकमेकांना लागून राहिले आणि त्यांत खारं पाणी गेलं की गंज धरतो आणि आटे चिकटतात. ट्रेलर गेल्या कित्येक आठवड्यांत अकोल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं धुतला गेला होता. फार जोर लावला असता तर व्हॉल्व्हच तुटला असता, म्हणून तेल सोडून तसाच ठेवला. दुसऱ्या चाकाचा व्हॉल्व्ह रबरी होता, आणि सेन्सरच्या वजनानं तो वेगात बाहेरच्या बाजूला वाकत असणार, कारण बुडाशी बारीक चिरा दिसत होत्या. सेन्सरचं वजन काही ग्रॅम, पण चाक फिरताना ते कितीतरी पटींनी ओढतं. टोपीचे सेन्सर लावायचे तर रबरी व्हॉल्व्ह काढून पितळेचे बसवणं हा त्याच खरेदीचा भाग समजावा. आमचे सगळे आधीच बदललेले होते.

अंजनगावच्या पुढे केळी आणि संत्र्याच्या बागा. परतवाड्याला अंबिया बहाराची संत्री रस्त्यावर ढिगानं होती, जाऊबाईंनी दोन पोती घेतली. त्यांचं वजन मागच्या आसावर आलं हे मी त्यांना सांगितलं नाही, पण वहीत लिहिलं.

घाट चढताना आकड्यांत विशेष काही घडलं नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. वर पोचून टायर निवल्यावर हातातल्या गेजनं पाहिलं तर गेज पडद्यापेक्षा एक पीएसआय जास्त दाखवत होतं. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब घटतो, म्हणून साध्या गेजवर टायरचा दाब तेवढा जास्त भासतो. सेन्सर आतला एकूण दाब मोजून त्यातून एक ठरावीक आकडा वजा करतो, त्याला उंची कळत नाही. फरक इतका लहान की काही करायची गरज नाही, पण दोन यंत्रं जुळत नाहीत म्हणून कोणी घाबरू नये यासाठी लिहिलं.

गुरुवार : चिखलदरा

गाड्या जागेवरच. गाविलगडावर गेलो. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला घेतला, त्याच महिन्यातल्या उन्हात आम्ही त्याच्या तुटक्या तटावर बसून संत्री सोलली. इथे कॉफी होते. संध्याकाळी स्थानिक कॉफीचं पाकीट घेऊन आमच्या लहानशा गॅसवर केली, सगळ्यांना आवडली.

शुक्रवार : चिखलदरा – परतवाडा – अमरावती – वर्धा

उतार हा या प्रवासातला सर्वांत मोलाचा धडा देणारा भाग होता. यजमान दुसऱ्या गिअरवर, इंजिनाच्या जोरावर उतरवत होते, ब्रेक मोजका. तरी पुढच्या चाकांचे आकडे ५४ वरून ६३ झाले आणि मागचे ५५ च्या आसपास राहिले. ब्रेकचा जास्त भार पुढे पडतो, तिथली उष्णता रिममधून टायरच्या हवेत उतरते. पायथ्याशी थांबल्यावर आकडे लगेच उतरतील असं वाटेल, ते आणखी दोन पीएसआयनं चढले, कारण वारा थांबला होता आणि ब्रेकमधली उष्णता अजून रिममध्ये येतच होती. पंधरा-वीस मिनिटं थांबून, आकडे उतरणीला लागलेले पाहून मगच पुढे निघालो.

दिरांकडे उतरताना कोणताच आकडा नव्हता. ते वाटेत वारंवार थांबले, हातानं रिम चाचपून पाहत होते. अमरावतीत त्यांनी ट्रेलर थेट टायरच्या दुकानात घातला. चिकटलेला व्हॉल्व्ह कापून काढावा लागला. दोन्ही चाकांना पितळेचे नवे व्हॉल्व्ह बसवले, आट्यांना न चिकटण्याचं ग्रीस लावलं. टायरवरचा चार आकडी शिक्का दुकानदारानं वाचून दाखवला : २३१९, म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातले टायर. नक्षी नव्यासारखी, पण कडेला केसासारख्या भेगा. कॅराव्हॅनचे टायर झिजून जाण्याआधी उभ्या उभ्या म्हातारे होतात, त्यामुळे नक्षी पाहून त्यांचं आयुष्य ठरवता येत नाही. दिरांनी तेही बदलायचे ठरवले.

नवा संच त्यांनी तिथेच मागवला : ४३३ मेगाहर्ट्‌झचा, रिपीटरसकट, शंभरच्या वर वाचणारा, जीपच्या चार, ट्रेलरच्या दोन आणि दोन्ही स्टेपन्यांच्या मिळून आठ सेन्सरचा, जीप आणि ट्रेलरला स्वतंत्र हद्दी देता येणारा. पडदा काचेला चिकटवायचा सौर प्रकारचा न घेता बारा व्होल्टवर चालणारा, काढून ठेवता येईल असा घेतला, कारण वैशाखात बंद गाडीच्या काचेमागे त्यातली बॅटरी फुगायला वेळ लागत नाही. ट्रेलरचा थंड दाब ४५, खालची हद्द ४०, वरची ५६. हे आकडे जाऊबाईंनी ट्रेलरच्या दाराच्या आत तेलरंगानं लिहून टाकले आहेत.